सात नंबरचा होज

भिंगार,
१२ ऑगस्ट १९४६

प्रिय मोझेसदादा, सलाम.

नव्या बंबबोटीच्या कामावर तू फिटर म्हणून लागल्याचं पत्र आईला घोडेगावी मिळालं. मी काल रविवारी गेले तेव्हा तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "एक लेक आगीला दिला, आता बहिणीचा लेक बी तिकडंच." मग भाकऱ्या थापत बसली. तू तिला वेगळं पत्र लिही आणि त्यात बोटीचं काही लिहू नकोस. मला मात्र सगळं लिही.

योहान जाऊन आज तीन महिने आणि एक दिवस झाला. बंबखात्याचं पत्र माझ्यासमोर आहे. बंदरात कापसाच्या गाठींनी भरलेल्या पडावाला, म्हणजे मालाच्या होडीला, आग लागली, ती विझवताना योहान दानीएल आढाव अपघातानं मृत्यू पावला. दोनच ओळी. पण शिवडीला मातीच्या दिवशी, तू पेटीला खांदा द्यायला पुढे होतास तेव्हा, त्याचा सोबती छगन माझ्याजवळ आला होता. म्हणाला, "बाई, तो पडावावर हुता, नोझल त्याच्या हातात हुती, आन् पानी बंद झालं. आपसूक न्हाई. बोटीवर कुनीतरी व्हॉल्व्ह फिरवला." कुणी, असं विचारलं तर त्यानं टोपी चढवली आणि निघून गेला.

आग समोर, हातात नोझल, आणि पाणी नाही. हे मी रोज मुद्दाम डोळ्यांपुढे आणते, म्हणजे राग शिळा होणार नाही.

पप्पांनी आपल्या तिघांना ओट्यावर एकाच पाटीवर शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी ते विचारायचे, ताळा करून बघितला का? खात्याचं उत्तर अपघात. मला त्याचा ताळा करायचा आहे. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचं नाव मला हवं आहे. योहानच्या मातीवर मूठ टाकताना मी मनात बोलले आहे की त्याला सोडणार नाही. सुडाबद्दल उपासनेत काय वाचतात ते मला पाठ आहे, ते लिहून पाठवण्याची तसदी घेऊ नकोस.

तुझी,
कृपा


माझगाव, मुंबई,
२५ ऑगस्ट १९४६

चि. कृपा, सलाम.

मावशीला पत्र टाकलं. त्यात पाऊस, माझा खोकला आणि खानावळीतली डाळ, एवढंच आहे.

बोट म्हणशील तर अजून बोट नाही. खाऊन ताटात ठेवलेल्या माशासारखी दिसते. मधे कणा, दोन्ही बाजूंना लोखंडाच्या फासळ्या. त्यांच्यावर आता पत्रे चढतायत. खाली भट्टीवरचा गडी लालभडक रिबीट चिमट्यानं वर भिरकावतो, वरचा ते डब्यात झेलतो, तिसरा भोकात घालतो आणि चौथा ठोकतो. चौघं चार मुलखांचे, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, पण रिबीट खाली पडत नाही. आवाज इतका की घरी आलो तरी शेजारीण बोलते ती मला नुसती तोंड हलवताना दिसते. तिचं तेच बरं आहे.

माझ्याकडे पंप आहेत. दोन पंप, प्रत्येकाला स्वतंत्र डिझेल एंजिन. आपल्याकडच्या बंबासारखं हिला पाणी भरून न्यायला नको. बुडालाच दोन तोंडं ठेवली आहेत, ही समुद्र पिते आणि वर ओकते. पुढे एक आणि मागे एक अशा पाण्याच्या दोन तोफा बसायच्या आहेत. त्याशिवाय दोन्ही कठड्यांना होज जोडायची तोंडं. गोदीतल्या मोठ्या स्फोटानंतर म्हणे सगळे जागे झाले. जुन्या बोटीवरच्या माणसांनाच हिच्यावर घेणार आहेत.

नावाचं विचारू नकोस. धुरात कुणाला काय दिसलं कुणास ठाऊक. छगन खात्यातून गेला, त्याचा पत्ता नाही. बोटीचं हवं तेवढं विचार.

मोझेस


भिंगार,
९ सप्टेंबर १९४६

प्रिय मोझेसदादा, सलाम.

तुझ्या बोटीच्या होजांचं काम आमच्या विणकामशाळेला मिळालं. पन्नास फुटी, वीस नग. (पुन्हा कागद बघितला. बावीस आहेत.) मॅनेजरसाहेबांनी वर्गात सांगितलं तेव्हा राहीबाई कांड्या भरता भरता माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं मी रडेन. मी उठून सुताचा गठ्ठा मोजायला घेतला.

तुला आमचं काम ठाऊक नाही म्हणून लिहिते. होज तागाच्या सुताचा, आत रबर नाही. भिमाजी तो मागावर नळीसारखा विणतो, कुठेही शिवण नाही. तपासणी माझ्याकडे. सकाळी होज हौदात बुडवून ठेवायचा, दुपारी काढायचा, हातपंपाला जोडून दीडशे पौंड दाब द्यायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. एक थेंब दिसला तरी मी पास करत नाही. चार वर्षांत माझ्या वहीतला एक आकडा कुणी खोडला नाही. प्रत्येक होजला मेणकापडात शिवून सूचनांची चिठ्ठी बांधतो. तीन सूचना साहेबांच्या, चौथी मी घातली, वापरणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून. चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात जातात.

म्हणजे आता असं आहे. जुन्या बोटीवरची माणसं नव्या बोटीवर येणार, आणि ज्यानं योहानचं पाणी तोडलं त्याच्या हातात मी तपासलेला होज जाणार. मी ह्याच्यावर खूप विचार करते. तू पंपावर आहेस, त्या माणसांत तुझी ऊठबस आहे. नाव लिही.

कृपा


माझगाव,
६ ऑक्टोबर १९४६

चि. कृपा, सलाम.

उशीर झाला. पत्रे संपले आणि बोट रंगायला घेतली. आतून शेंदरी, बाहेरून लाल. एंजिनं उतरवली त्या दिवशी क्रेनची साखळी करकरली आणि आम्ही सगळे एकदम मागे सरलो, बोट हाकणारा सारंग तेवढा तिथंच उभा. नंतर म्हणाला, "मला पळता येत नाही, म्हणून माझं नाव शूर पडलं."

एक गंमत ऐक. तेलाला आग लागली तर पाणी कामाचं नाही, म्हणून बोटीवर फेसाची टाकी आहे. तो फेस कशाचा? जनावरांच्या खुरांचा आणि शिंगांचा अर्क. नाक धरावं असा वास. मी म्हटलं, आमच्या घोडेगावच्या बाजारात अशी खुरं हजारांनी चालतात, तिथून का नाही मागवत? साहेब हसला नाही.

आता दुसरं. तू लिहितेस त्यानं मला झोप लागत नाही. जे झालं ते मुद्दाम झालेलं नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो. ज्याच्या हातून झालं तो रोज माझ्यासमोर जेवायला बसतो आणि अर्धी भाकरी तशीच टाकून उठतो. त्याला आणखी काय शिक्षा करशील? तू पप्पांची लेक आहेस. सोड.

मोझेस


भिंगार,
१४ ऑक्टोबर १९४६

मोझेसदादा,

तू त्याच्यासमोर जेवतोस.

मी हे वाक्य चार वेळा वाचलं, माझी वाचण्यात चूक तर होत नाही ना ते बघायला. दोन महिने तू मला रिबिटं आणि खुरं लिहून पाठवतोस, आणि तो तुझ्यासमोर बसून भाकरी मोडतो. अर्धी टाकतो म्हणून मला त्याची कीव यावी? योहानला अर्धीसुद्धा नाही.

आई परवा म्हणाली, "देवानं नेलं म्हनायचं आन् गप बसायचं." मी म्हटलं, देव व्हॉल्व्ह फिरवायला येत नाही, त्याला माणूस लागतो. तिनं तोंडावर पदर घेतला. मी तिला असं बोलायला नको होतं. पण बोललेलं खोटं नव्हतं.

तीन आठवडे वाट बघते. नाव आलं नाही तर मी मुंबईला येईन, कारखान्याच्या फाटकावर उभी राहीन आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारीन, माझ्या भावाचं पाणी तुम्ही बंद केलं का? तुलाही विचारीन.

कृपा


माझगाव,
३ नोव्हेंबर १९४६

चि. कृपा,

येऊ नकोस. लिहितो.

त्याचं नाव सहादेव. आपल्याच जिल्ह्यातला, जामखेडकडे खर्ड्याचा. योहानचा जिवलग होता. दोघांच्या खाटा शेजारी, योहानच त्याला बंबखात्यात घेऊन आला होता. नव्या बोटीवर त्याची नेमणूक पुढच्या उजव्या कठड्याला आहे. तिथं होजच्या पेट्या आहेत. पेटीचा नंबर आणि होजचा नंबर एकच, आणि प्रत्येक पेटीवर एकच माणूस. सहादेवची पेटी सात नंबर.

पंधरा जानेवारीला परीक्षा आहे. एक जुना पडाव तेल ओतून बंदरात पेटवायचा आणि बोटीनं तो विझवायचा, मोठे साहेब धक्क्यावरून बघणार.

नाव हवं होतं, दिलं. आता माझं ऐक. परीक्षेआधी एकदा ये, मी स्वतः तुला त्याच्याकडे नेतो. त्याच्या तोंडून ऐक, मग काय ठरवायचं ते ठरव. आणखीही काही आहे. पण ते कागदावर लिहायला माझा हात धजत नाही.

मोझेस


भिंगार,
५ जानेवारी १९४७

मोझेसदादा,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू आईकडे चौकशी केलीस असं कळलं. मी बरी आहे. बावीस होज गेल्या आठवड्यात रेल्वेनं रवाना झाले, आतापर्यंत पेट्यांत पडले असतील.

एकवीस उत्तम आहेत. सातवा तसा नाही.

तुला सगळं खरं लिहिते, कारण कुणाला तरी खरं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. पावसाळ्यात कोठीच्या कोपऱ्यात भिजून राहिलेला एक गठ्ठा होता, फेकायचा म्हणून मीच बाजूला काढलेला. सात नंबर मागावर चढला तेव्हा मी त्या सुताच्या कांड्या भिमाजीला दिल्या. त्यानं धागा बोटांत चुरला आणि म्हणाला, "बाई, सूत भुसभुशीत लागतंय." मी म्हटलं, मी बघितलं आहे. तो म्हणाला, "तुमी बघितलंय म्हंजी झालं," आणि धोटा मारायला लागला. एकदाही वर बघितलं नाही त्यानं.

सात नंबर मी हौदात टाकला नाही, पंपाला जोडला नाही. वहीत मात्र दीडशे पौंड, दहा मिनिटं, पास, असं लिहिलं. दाब न देता लिहिलेला माझ्या आयुष्यातला पहिला आकडा. अक्षर नेहमीसारखंच आलं.

तो मरावा असं मी म्हणत नाही. म्हणत नाही, असं लिहिलं, पण ते तपासून बघितलं तर तेही पूर्ण खरं नाही. त्यानं पेटत्या पडावासमोर उभं राहावं, हातात नोझल असावी आणि पाणी अचानक जावं, एवढं मला हवं आहे. पुढचं त्याचं नशीब.

तुझ्याकडे एकच काम आहे. परीक्षेच्या दिवशी सात नंबरजवळ दुसरं कुणी उभं राहणार नाही एवढं बघ. बाकीच्यांचं माझ्याशी काही वैर नाही, आणि दुसऱ्या कुणाला लागलं तर मला ते सहन होणार नाही.

कृपा


माझगाव,
९ जानेवारी १९४७

कृपा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. ताटावरून उठलो. सारंगाला म्हटलं, कपलिंगं बसतात का बघतो, आणि सात नंबर पेटीतून काढला. नोझल धक्क्यावरच्या खांबाला दोरानं बांधली, लांब उभा राहिलो आणि पंप सुरू केला. साठ पौंडांवर फाटला. नोझल दोर तोडून धक्क्याच्या दगडावर अशी आपटली की दगडाचा टवका उडाला. मी तो उचलून खिशात ठेवला आहे. सहादेवची छाती दगडाची नाही.

बाकीचे कसे आहेत हे बघायला मग सहा नंबर जोडला. आता हे नीट वाच.

सहा नंबर कोरडा होता. पाणी आत गेलं मात्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत तो चाळणीसारखा पाझरायला लागला. बघणाऱ्याला वाटावं, आता फुटतो. मी पाणी तसंच चालू ठेवलं. पाच मिनिटांत ताग पाणी पिऊन फुगला, विणीची भोकं बुजली आणि पाझर थांबला. नंतर दीडशे पौंडांवर एक थेंब नाही. कोरडा तागाचा होज पहिल्यांदा असाच पाझरतो, कृपा. तुला हे कधी दिसलं नाही, कारण तुमच्याकडे होज अर्धा दिवस हौदात पडतो आणि मगच तू त्याला बघतेस. बोटीवर हौद नाही. आग लागली की कोरडाच जोडतात.

आता तुझी चौथी सूचना आठव. मी समोर ठेवून उतरवून काढतो. "होजमधून पाणी पाझरताना दिसल्यास तो फुटण्याचा संभव असतो. तत्काळ पाणी बंद करून होज बदलावा."

अकरा मेला जुन्या बोटीवर जो होज उघडला तो नवाकोरा होता, भिंगारचा. योहान नोझल घेऊन पडावावर चढला. सहादेव व्हॉल्व्हवर. होज पाझरायला लागला. सहादेवनं तत्काळ पाणी बंद केलं आणि दुसरा होज आणायला धावला. तो परत येईपर्यंत पडावाचा तक्ता योहानच्या पायाखाली खचला होता.

हे मला त्यानं जुलैत सांगितलं. चिठ्ठी त्याच्या ट्रंकेत आहे. कृपा, त्याला लिहितावाचता येत नव्हतं. आग नसली की बंबखात्यात दिवसभर वेळच वेळ, तेव्हा योहान त्याला शिकवायचा. पुस्तक नव्हतं, तर तुझी चिठ्ठी समोर धरायचा. "माझ्या बहिणीचं अक्षर हे, छापल्यासारखं, ह्याच्यावरून शीक." सहादेव अक्षरं शिकला ती तुझी. पहिलं वाक्य वाचलं ते तुझं. मी त्याला विचारलं, अरे, एवढ्या पाण्याला भ्यालास? तर म्हणाला, "भ्यालो न्हाई. चिट्टीत लिवलं हुतं. योहान मास्तरच्या बहिनीनं लिवलं हुतं, ती न तपासता लिवनार न्हाई."

नाव मी दडवत होतो ते त्याच्यासाठी नव्हे. आणि नाव दिलं तेव्हाच हेही लिहिलं असतं तर सात नंबर विणला गेला नसता. ही चूक माझी, ती मी तुझ्या पदरात टाकत नाही.

वरच्या साहेबांना सांगितलं आहे की सात नंबर उतरवताना पत्र्याच्या कडेला घासून फाटला. तूही तेच सांग.

मोझेस


माझगाव,
२ फेब्रुवारी १९४७

चि. कृपा, सलाम.

तीन आठवडे झाले. एक ओळ तरी लिही. मावशीला विचारलं तर ती कळवते, पोर जेवते, कामावर जाते, बोलत नाही.

परीक्षा झाली. पडाव पेटला, बोट वाऱ्याच्या बाजूनं आत गेली, दोन्ही तोफा सुटल्या तेव्हा धक्क्यावरचे साहेबसुद्धा भिजले. सात नंबरची पेटी रिकामी होती. सहादेव रिकाम्या पेटीशी उभा राहिला. मी म्हटलं, दुसऱ्या पेटीवर जा. तो म्हणाला, "माझी जागा हीच हाय."

मी त्याला काही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

मोझेस


भिंगार,
२० फेब्रुवारी १९४७

सहादेवभाऊ यांना कृपा आढावचा सलाम.

हे पत्र मोझेसदादाच्या हाती देत नाही, थेट तुम्हाला पाठवते. मोठ्या आणि सुट्या अक्षरांत लिहिते आहे. एका दिवसात वाचून झालं नाही तरी चालेल. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका.

सात नंबरचा होज घासून फाटला असं तुम्हाला सांगितलं आहे. ते खोटं आहे. तो मी कुजक्या सुताचा विणवला होता. तुमच्या हातात फुटावा म्हणून. तुम्ही माझ्या भावाला मारलं असं मी समजत होते.

माझ्या भावाचं पाणी माझ्या चौथ्या सूचनेनं बंद केलं. ती सूचना मी न तपासता लिहिली. मी होज ओले करून तपासले, कोरडा कधी बघितला नाही. कुणाला लागू नये म्हणून लिहिली होती. तुम्ही ती वाचलीत आणि तसंच केलंत. ज्यानं शिकवलं तो माझा भाऊ होता, आणि ज्याच्यावरून शिकलात ते अक्षर माझं होतं.

ज्यानं व्हॉल्व्ह फिरवला त्याला सोडणार नाही, असं मी योहानच्या मातीवर बोलले होते. माणूस चुकीचा धरला. बोललेलं मागे घेत नाही. वहीतल्या खोट्या आकड्याचं मी साहेबांना सांगितलं. तपासणी माझ्याकडून काढून घेतली. आता मी राहीबाईशेजारी बसून कांड्या भरते. विणकर भिमाजीला सगळ्यांसमोर सांगितलं की सूत कुजकं होतं हे त्यानं ओळखलं होतं आणि मी त्याला फसवलं. तो माझ्याशी बोलत नाही. तेही बरोबर आहे.

जुनी चिठ्ठी आजवर एकशे चौदा होजांबरोबर गेली. जिथे जिथे गेली तिथे पत्रं लिहिली. नव्वद होजांची झाली, बाकीची ह्या आठवड्यात होतील.

तुमची माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, असं मोझेसदादाच्या पत्रांवरून वाटतं. ती मला इतक्या सहज मिळू नये.

पत्रासोबत नवा सात नंबर रेल्वेनं पाठवला आहे. भिमाजीनं विणला, साहेबांनी तपासला, मी लांब उभी राहून बघितलं. ह्या वेळी कोरडा जोडला. साडेचार मिनिटं पाझरला. मी पहिल्यांदाच बघितलं. शेवटच्या मिनिटाला माझ्याच तोंडून निघालं, बंद करा. साहेबांनी केला नाही.

बावीस पेट्यांसाठी बावीस नव्या चिठ्ठ्याही आहेत. साहेबांना विचारून मीच लिहिल्या. पेट्यांतल्या जुन्या चिठ्ठ्या काढून टाका. चौथी सूचना आता अशी आहे.

"कोरडा होज पहिल्यांदा पाणी घेताना पाझरतो. भिऊ नये. पाणी बंद करू नये. पाच मिनिटांत पाझर थांबतो. न थांबल्यास पुढच्या माणसाला आधी मागे बोलवावे, मगच पाणी बंद करावे. तपासून लिहिले. कृपा दानीएल आढाव, भिंगार."

जुन्या चिठ्ठीखाली नाव नव्हतं. ह्या चिठ्ठीखाली आहे. पुन्हा काही चुकलं तर कुणाला शोधत बसावं लागू नये.

कृपा


मुंबई,
११ मार्च १९४७

कृपाबाईस सहादेवचा रामराम.

पत्र आलं. वाचाया सा दिवस लागले. कुनाकडून वाचून घेतलं न्हाई.

जुन्या चिट्ट्या काढल्या. माज्या ट्रंकेतली ठिवली. ती योहान मास्तरची हाय.

होज आला. सात नंबरच्या पेटीत घातला. काल एका गलबताला आग लागली. जोडला. लई पाझरला. आता पेटीवर दोगं असतो. म्होरं नवा गडी हुता, तो वरडला, फुटतोय, फुटतोय. माजा हात व्हॉल्व्हवर हुता. बंद केला न्हाई. गडी परत आला.

नवी चिट्टी पाठ केली. खालचं नाव बी.

सहादेव